अर्ज कोणता भरावा, आणि कोणी?

बारावीचा अभ्यास ऐन भरात आलेला असतो, तेव्हाच गोव्यातील अनेक घरांत एक दुसरी परीक्षा सुरू होते. तिच्यासाठी शिकवणी नाही, पाठ्यपुस्तक नाही आणि बहुधा वाटाड्याही नाही. ही परीक्षा प्रवेश परीक्षांचे अर्ज भरण्याची. जेईई मेनच्या जानेवारी सत्राची नोंदणी आदल्या ऑक्टोबर-नोव्हेंबरातच उरकते. राष्ट्रीय विधी विद्यापीठांची ‘क्लॅट’ तर अलीकडे डिसेंबरात होऊनही जाते. २०२५ साली ‘नीट’चे अर्ज ७ फेब्रुवारी ते ७ मार्च या काळात घेण्यात आले आणि केंद्रीय विद्यापीठांच्या ‘सीयूईटी’चे १ मार्चपासून. गोवा मंडळाची बारावीची परीक्षा त्या वर्षी फेब्रुवारीतच होती. म्हणजे सकाळी रसायनशास्त्राची उत्तरपत्रिका लिहून आलेल्या मुलाने दुपारी संगणकासमोर बसून आपल्या पुढील चार-पाच वर्षांचा निर्णय करावा, अशी ही व्यवस्था!

२०२४ सालच्या ‘नीट’ने जो गदारोळ माजविला, त्याच जूनमध्ये १८ तारखेला झालेली ‘यूजीसी-नेट’ दुसऱ्या दिवशी रद्द करण्याची जी पाळी आली, त्यावर पुष्कळ लिहून झाले आहे. राष्ट्रीय परीक्षा संस्थेच्या कारभारात सुधारणा सुचविण्यासाठी इस्रोचे माजी अध्यक्ष के. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली समितीही नेमली गेली. तो विषय मोठा आहे आणि दिल्लीत सुटावयाचा आहे. आम्ही आज ज्याकडे लक्ष वेधू इच्छितो तो प्रश्न त्यामानाने लहान दिसेल. पण तो पणजीत सुटण्यासारखा आहे.

पहिली गोष्ट निवडीची. आपल्याकडे पालकांची समजूत अशी झाली आहे, की जितक्या परीक्षा तितक्या संधी. म्हणून जेईई, नीट, सीयूईटी अशी सगळीच जाळी एकाच वेळी टाकली जातात. वस्तुतः आधी अभ्यासक्रम ठरावा, मग संस्था आणि त्यानंतर परीक्षा. गोवा विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांत साधी कला, वाणिज्य वा विज्ञान शाखेची पदवी घेऊ इच्छिणाऱ्या मुलाला यांपैकी एकाही परीक्षेची गरज नाही. त्याचे बारावीचे गुण पुरेसे आहेत. झुआरीनगरच्या बिट्समध्ये जेईईच्या गुणांवर प्रवेश मिळत नाही. त्या संस्थेची परीक्षा निराळी. कुंकळ्ळीच्या एनआयटीसाठी जेईई मेन पुरते, पण आयआयटी गोव्यासाठी तिच्यापुढची अॅडव्हान्स्ड द्यावी लागते, आणि तीही मेनमधून वर आलेल्या सुमारे अडीच लाख उमेदवारांनाच देता येते. शिवाय या दोन्ही संस्थांना बारावीत ७५ टक्क्यांची अट आहे (अनुसूचित जाती-जमातींसाठी ६५). ‘जेईईच महत्त्वाची, बारावीचे काय!’ असे शिकवणी वर्गांतून बिनदिक्कत सांगितले जाते, तेव्हा ही अट सांगण्याचे सोयीस्करपणे राहून जाते.

त्याहूनही महागात पडणारे एक अज्ञान आहे. एनआयटीमध्ये निम्म्या जागा त्या राज्याच्या उमेदवारांसाठी असतात. परंतु ‘त्या राज्याचा’ म्हणजे तेथे जन्मलेला वा राहणारा नव्हे, तर तेथून बारावी उत्तीर्ण झालेला. मुलगा अकरावीपासून कोटा किंवा पुण्यास पाठविला आणि तेथूनच बारावीला बसविला, की गोव्याच्या एनआयटीतील गोव्याच्या वाट्यावरचा त्याचा हक्क गेला. लाखो रुपये खर्चून आपल्याच दारातील सवलत गमावावयाची, हा व्यवहार पालक डोळसपणे करीत असतील तर आमचे काही म्हणणे नाही. पण किती पालकांना हे आधी कोणी सांगितलेले असते?

सीयूईटीची गोष्ट आणखी वेगळी. २०२२ साली ही परीक्षा सुरू झाली तेव्हा विषयांची रेलचेल होती. २०२५ मध्ये ६३ विषयांचे ३७ झाले आणि एका उमेदवाराला जास्तीत जास्त पाच निवडता येतील असे ठरले. येथे विषयांची निवड हीच खरी परीक्षा असते. दिल्ली विद्यापीठात अर्थशास्त्राची ऑनर्स पदवी हवी असेल तर सीयूईटीत गणित घेतलेले असावेच लागते. ते अर्जात लिहिले नाही, तर पुढे अन्य विषयांत पैकीच्या पैकी गुण मिळवूनही त्या अभ्यासक्रमाचे दार बंद. हे कळते केव्हा? निकालानंतर विद्यापीठाचा दुसरा अर्ज भरावयास बसल्यावर. तोपर्यंत दुरुस्तीची मुदत केव्हाच संपलेली असते.

याच काटछाटीत कोंकणी विषय यादीतून गळाला. मराठी राहिली, याचे समाधान मानून आम्ही गप्प बसावे असे आम्हांस वाटत नाही. गोव्याच्या मुलाने शाळेत शिकलेली भाषा केंद्रीय विद्यापीठाच्या दारात निरुपयोगी ठरावी, हे कोंकणीच्या बाबतीत अयोग्य असेल तर मराठीच्या बाबतीतही तितकेच अयोग्य होय. आणि मराठीची स्थिती तरी कोठे निर्वेध आहे? नीटची प्रश्नपत्रिका मराठीत मिळते हे खरे. परंतु गेल्या काही वर्षांच्या माहितीपुस्तिका पाहिल्या तर ही सोय महाराष्ट्रातील केंद्रांपुरती मर्यादित ठेवलेली आढळते. पणजीच्या केंद्रावर इंग्रजी, हिंदी आणि उर्दू, मराठी नाही. बेळगाव, इंदूर, बडोदे येथील मराठी मुलांचीही तीच गत. आपल्याकडे विज्ञान शाखेचे शिक्षण इंग्रजीतून होते, त्यामुळे मराठी प्रश्नपत्रिका मागणारे फार थोडे निघतील, हे आम्ही जाणून आहोत. पण उर्दूला देशभर जी मुभा आहे ती मराठीला तिच्या शेजारच्या राज्यातही असू नये, याला कारण दिसत नाही. मोजके उमेदवार असले तरी छपाईचा असा कोणता डोंगर कोसळणार आहे?

आता प्रत्यक्ष अर्जाकडे वळू. गोव्याला येथे एक खास अडचण आहे, तिचे मूळ इतिहासात आहे. जुन्या जन्मनोंदींत आडनावे पोर्तुगीज वळणाने लिहिली गेली. आजोबांचा नाईक ‘क्यू’ अक्षराने लिहिलेला, वडिलांचा ‘के’ने, शिरोडकराचा ‘श’ एका कागदावर ‘एक्स’ने, दुसऱ्यावर ‘एसएच’ने. जन्मदाखला, आधारपत्र आणि दहावीचे प्रमाणपत्र या तिन्हींवर एकच नाव एकाच अक्षरांत असलेली घरे भाग्यवान म्हणावयाची! माणसाच्या नजरेला या तिन्ही नोंदी एकाच मुलाच्या दिसतात. संगणकाला तो तीन निरनिराळ्या व्यक्तींचा संशय येतो. दाखल्यांचेही तसेच. इतर मागासवर्गीयांचा क्रीमी लेअरमध्ये नसल्याचा दाखला आणि आर्थिक दुर्बल घटकांचा दाखला चालू आर्थिक वर्षातला लागतो. राज्याच्या यादीतील जात केंद्राच्या यादीत असेलच असे नाही, आणि या परीक्षा केंद्राची यादी मानतात. मामलेदार कचेरीच्या दोन खेपा मार्चमध्ये घालाव्या लागल्या, की मुलाचे दोन दिवस गेले.

मग मूल जाते कोठे? झेरॉक्सच्या दुकानात. तेथील तरुण घाईत असतो, बाहेर रांग असते. तो आपलाच भ्रमणध्वनी क्रमांक आणि आपलाच ई-मेल घालून अर्ज पुढे ढकलतो. पुढे प्रवेशपत्राची सूचना, दुरुस्तीची मुदत, सारे काही त्या दुकानाच्या पत्त्यावर येते आणि सत्तरीतील वा काणकोणातील मुलाला त्याची गंधवार्ताही नसते. त्या दुकानदारास आम्ही दोष देत नाही. जे काम शाळेने करावयास हवे होते, ते तो चार पैसे घेऊन करतो आहे.

पैशांचा हिशेबही मांडून पाहावा. २०२५ च्या दरांनी खुल्या गटातील मुलाला नीटचे १७०० रुपये, जेईई मेनच्या दोन सत्रांचे २०००, सीयूईटीच्या पाच विषयांचे १८००, एकूण ५५००. क्लॅटचे ४००० धरले तर साडेनऊ हजार. मासेमारी किंवा रोजंदारीवर चालणाऱ्या घरात ही रक्कम लहान नव्हे, आणि तिच्यातील निम्मीअधिक बहुधा अशा परीक्षांवर खर्च होते ज्यांची त्या मुलाला गरजच नसते.

१९७५ मध्ये गोव्याचे स्वतःचे शिक्षण मंडळ स्थापन झाले. आपल्या मुलांच्या परीक्षेचा कारभार आपल्याजवळ असावा, ही त्यामागील भावना होती. प्रवेशाचा कारभार आता पुन्हा दूर गेला आहे. तो परत आणणे राज्याच्या हाती नाही. परंतु वाट दाखविणे हाती आहे. शिक्षण खात्याने दरवर्षी, बारावीचे वर्ग सुरू होतानाच, मराठी, कोंकणी व इंग्रजीतून एक पत्रक काढावे. गोव्यातील कोणत्या संस्थेत कोणत्या परीक्षेवर प्रवेश मिळतो, कोठे मुळीच परीक्षा लागत नाही, कोणता दाखला कोणत्या तारखेनंतरचा हवा, एवढेच त्यात असावे. प्रत्येक उच्च माध्यमिक विद्यालयात एका शिक्षकाचे आठवड्यातील चार तास कमी करून त्याच्याकडे हे काम सोपवावे, आणि विद्यालयातील संगणक कक्ष नोंदणीच्या काळात सायंकाळी उघडा ठेवावा. नावांतील तफावत दुरुस्त करण्यासाठी दिवाळीच्या सुट्टीत तालुक्यांच्या ठिकाणी शिबिरे भरवावीत; फेब्रुवारीत नव्हे. याला नवे खाते नको, इमारत नको.

राहिली केंद्राकडे करावयाची मागणी. सीयूईटीत कोंकणीची पुनःस्थापना, गोव्याच्या केंद्रांवर मराठी प्रश्नपत्रिका आणि राज्य मंडळांच्या परीक्षा संपल्यावर निदान पंधरा दिवस नोंदणी खुली ठेवणे, या तीन गोष्टी राज्य सरकारने लेखी मागाव्यात. गोव्याच्या खासदारांनी त्या संसदेत विचाराव्यात आणि मिळेल ते उत्तर, पुढल्या वर्षीची नोंदणी सुरू होण्यापूर्वी, गोव्यातील पालकांसमोर ठेवावे.