चूर्णाच्या डब्यावर तारीख हवी

आषाढातील परतवारीला कयाधूकाठच्या नरसी नामदेव येथे भाविकांची रीघ लागते. अशा वेळी पुड्या झटपट बांधता याव्यात म्हणून उन्हाळ्यातच चूर्ण कुटून ठेवण्याचा मोह होतो. ही सोय औषधाच्या मुळावर येते, असे आमचे स्पष्ट मत आहे.

चूर्ण दोन महिन्यांनंतर हीनवीर्य होते. गुटिका व अवलेह मात्र वर्षभर टिकतात, असे शार्ङ्गधराचार्य सांगतात. यामागील कारणे रसायनशास्त्रात सापडतात. द्रव्य जितके सूक्ष्म, तितका त्याचा अधिक पृष्ठभाग हवेच्या संपर्कात येतो. अखंड हरीतकीपेक्षा तिचे चूर्ण म्हणूनच लवकर बिघडते. अभिक्रियेत भाग घेणाऱ्या घटकाची संहती वाढली की सामान्यतः तिचा वेग वाढतो. पावसाळ्यात डब्यात शिरलेले बाष्प हेच काम करते. तापमान 10 अंशांनी वाढल्यास अनेक अभिक्रियांचा वेग सुमारे दुप्पट होतो, असा स्थूल नियम आहे, आणि मराठवाड्यात मे महिन्यात पारा 40 अंशांपुढे जातो. अवलेहात मात्र साखरेच्या घट्ट पाकात पाणी बांधलेले राहते.

सबब वैद्यबंधूंनी द्रव्ये अखंड साठवावीत, पंधरवड्यापुरतेच चूर्ण करावे, ते हवाबंद डब्यात, थंड जागी ठेवावे आणि डब्यावर कुटल्याची तारीख लिहावी, असे आम्ही आग्रहाने सुचवितो. वीर्य गेलेल्या पुडीने गुण आला नाही, तर रुग्ण आयुर्वेदालाच दोष देतो. वास्तविक तो दोष आपल्या साठवणुकीचा असतो.