क्रियापदाची जागा विशेषण घेते तेव्हा

एखाद्या व्यक्तीविषयी दोन प्रकारची विधाने करता येतात. 'त्याने दार उघडले' हे कृतीविषयीचे विधान आहे. 'तो सज्जन आहे' हे स्वभावाविषयीचे. पहिल्या विधानाला केव्हा, कोठे, कोणादेखत, असे प्रश्न विचारता येतात आणि उत्तरांवरून त्याचा खरेखोटेपणा तपासता येतो. दुसऱ्या विधानाला हे प्रश्न लागू पडत नाहीत. त्याच्याशी सहमत व्हावे किंवा असहमत व्हावे, एवढेच आपल्या हाती उरते. पहिल्या वाक्याचा भार क्रियापदावर असतो, तर दुसऱ्याचा विधिविशेषणावर. कामाच्या ठिकाणी लैंगिक गैरवर्तन केल्याचा आरोप एखाद्या नामवंतावर होतो, तेव्हा समाज क्रियापदाच्या जागी विशेषण बसवतो आणि चौकशीची वाट तिथेच बंद होते, असे माझे मत आहे.

सप्टेंबर २०१८ मध्ये अभिनेत्री तनुश्री दत्ता यांनी एका मुलाखतीत आरोप केला, की २००८ मध्ये 'हॉर्न ओके प्लीज' या चित्रपटातील गाण्याच्या चित्रीकरणावेळी अभिनेते नाना पाटेकर यांनी आपल्याशी गैरवर्तन केले. पाटेकर यांनी हा आरोप फेटाळला. ऑक्टोबरमध्ये मुंबईच्या ओशिवरा पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदवला गेला. त्याच महिन्यात तुळजापुरात शारदीय नवरात्राची गर्दी होती. पण संपर्कसत्राला आलेल्या विद्यार्थ्यांमध्ये चर्चा होती ती या बातमीची.

आपल्या भागात ही बातमी निव्वळ चित्रपटसृष्टीची नव्हती. २०१५ च्या दुष्काळात नाना पाटेकर आणि मकरंद अनासपुरे यांनी 'नाम फाउंडेशन' स्थापन केले आणि मराठवाड्यातील आत्महत्याग्रस्त शेतकऱ्यांच्या कुटुंबांना मदतीचा हात दिला. त्यामुळे वर्गातला एक विद्यार्थी कळवळून म्हणाला, "ज्यांनी आपल्या माणसांचे अश्रू पुसले, ते तसे नाहीत." दुसरा म्हणाला, "ती बाईच तसली. नाहीतर दहा वर्षांनी आत्ताच का बोलली असती?" तिसऱ्याने निकाल दिला, "हे नट सगळे सारखेच!" तिघांची मते परस्परविरोधी होती, व्याकरण मात्र एकच होते. तसे नाहीत, तसली, सारखेच. तिन्ही वाक्यांत कृतीचा पत्ता नव्हता. माझ्याही मनात पहिलेच वाक्य आले होते, हे मी इथे कबूल केले पाहिजे.

एका खाजगी कार्यालयात नोकरी करून बी.ए. करणारी विद्यार्थिनी तोवर गप्प होती. तास संपल्यावर तिने विचारले, "सर, त्यांनी तेव्हाच कोणाला सांगितले नव्हते का? सांगितले असेल, तर पुढे काय झाले?" त्या दिवसातला क्रियापद असलेला हा एकमेव प्रश्न होता.

त्याचे उत्तर असे, की त्यांनी तेव्हाच सांगितले होते. २००८ मध्ये तनुश्री दत्ता यांनी कलाकारांच्या 'सिंटा' या संघटनेकडे तक्रार केली होती. त्या वेळी आपण दिलेला निर्णय योग्य नव्हता आणि लैंगिक छळाच्या मुख्य तक्रारीचा त्यात विचारच झाला नाही, हे संघटनेने २०१८ मध्ये मान्य केले. जून २०१९ मध्ये पोलिसांनी खटला चालवण्याजोगा पुरावा नसल्याचा अहवाल न्यायालयात दिला. मार्च २०२५ मध्ये अंधेरीच्या दंडाधिकाऱ्यांनी २००८ च्या घटनेबाबतची मुदत उलटून गेल्याचे सांगून दखल घेण्यास नकार दिला. म्हणजे घडले की नाही, या प्रश्नाच्या गाभ्यापर्यंत खटला पोहोचलाच नाही. तक्रार करणारीला न्याय मिळाला की नाही, हा वाद तसाच राहिला आणि ज्यांच्यावर आरोप झाला त्यांनाही पूर्ण सुनावणीअंती मिळणारी निःसंदिग्ध निर्दोषता लाभली नाही. जी चौकशी वेळीच व्हायला हवी होती, तिची जागा लोकांच्या विशेषणांनी घेतली. त्याची किंमत दोघांनीही मोजली.

'आत्ताच का?' हा प्रश्न वरकरणी चौकशीचा वाटतो. पण तो विचारणारा बहुधा उत्तरासाठी थांबत नाही. त्या प्रश्नाचा रोख घटनेवर नसतो, सांगणाऱ्या स्त्रीच्या हेतूवर असतो. त्याच ऑक्टोबरात ज्येष्ठ संपादक आणि तत्कालीन केंद्रीय राज्यमंत्री एम. जे. अकबर यांच्यावर पत्रकार प्रिया रमानी यांनी जाहीर आरोप केला. इतरही अनेक स्त्रिया पुढे आल्या. अकबर यांनी आरोप नाकारले, मंत्रिपद सोडले आणि रमानी यांच्यावर बदनामीचा खटला भरला. १७ फेब्रुवारी २०२१ रोजी दिल्लीच्या न्यायालयाने रमानी यांची निर्दोष मुक्तता केली. स्त्रीला आपले गाऱ्हाणे अनेक दशकांनंतरही मांडण्याचा अधिकार आहे, हे न्यायालयाने स्पष्ट केले. उशीर का झाला, हे समजून घ्यावे. पण उशीर म्हणजे खोटेपणा नव्हे.

आपल्या बातम्यांची भाषाही तपासून पाहावी. 'तिला त्रास दिला' आणि 'तिला त्रास झाला' या दोन वाक्यांत फरक एका क्रियापदाचा आहे. पण दुसऱ्या वाक्यात कर्ता नाहीसा होतो आणि त्रास पावसासारखा आपोआप आलेला वाटतो. 'प्रकार घडला', 'अब्रू गेली' ही त्याच घडणीची वाक्ये आहेत. उलट 'तिला म्हणे त्रास दिला' यातले 'म्हणे' हे लहानसे अव्यय सांगणारीवर अविश्वास दाखवून मोकळे होते. आरोप सिद्ध होण्यापूर्वी कोणाला दोषी म्हणू नये, हे खरेच. त्यासाठी कर्ता लपवण्याची गरज नाही आणि 'म्हणे'चीही नाही. 'त्याने त्रास दिला, असे तिने सांगितले. त्याने ते नाकारले' हे वाक्य मराठीत सहज बसते. ते दोघांनाही न्याय देते आणि पुढच्या चौकशीला जागा ठेवते.

मुंबई-दिल्लीच्या नामवंतांचे हे प्रश्न आपल्यापर्यंत कशाला येतील, असे कोणाला वाटेल. आपल्यापैकी कितीतरी जणी दुकानांत, दवाखान्यांत, शाळांत, लोकांच्या घरी काम करून शिकत आहेत. २०१३ च्या कायद्याने दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती बंधनकारक केली आहे. त्याहून लहान आस्थापनांतील आणि घरकाम करणाऱ्या स्त्रियांसाठी जिल्ह्याच्या पातळीवर स्थानिक समिती असते. तक्रार सर्वसाधारणपणे तीन महिन्यांच्या आत लेखी करायची असते. योग्य कारण असल्यास समिती आणखी तीन महिने देऊ शकते. चौकशी ९० दिवसांत पूर्ण व्हावी, असे कायदा सांगतो. तक्रारदार स्त्रीचे नाव प्रसिद्ध करण्यास मनाई आहे. केवळ पुरावा देता आला नाही म्हणून तक्रार खोटी ठरत नाही, हेही त्यात नमूद आहे. पण तीन महिन्यांची ही मुदत पाळायची, तर तिच्या पहिल्या वाक्याला 'तो तसा नाही' हे उत्तर मिळता कामा नये. कारण ते उत्तर बहुधा कचेरीत नव्हे, घरात मिळते.

दुष्काळात मिळालेल्या मदतीची कृतज्ञता कोणी सोडावी, असे मी म्हणणार नाही. 'त्यांनी मदत केली' हे कृतीविषयीचे खरे विधान आहे आणि ते खरेच राहील. मात्र एका कृतीचे विधान दुसऱ्या कृतीविषयी साक्ष देऊ शकत नाही. ना बाजूने, ना विरुद्ध.

त्या विद्यार्थिनीने स्वतःविषयी काही सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. तिचा प्रश्न मात्र मी प्रत्येक नव्या वर्गाला सांगतो. उद्या आपली बहीण, मैत्रीण किंवा सहकारी असे काही सांगू लागली, तर विशेषण उच्चारण्यापूर्वी तेवढेच विचारावे : काय झाले, कोणाला सांगितलेस आणि पुढे काय करायचे?