आधी तपासणी, मग बोली

चाकणच्या किंवा भोसरीच्या कुठल्याही बऱ्या कारखान्यात दीडशे रुपयांचा बुश आला तरी तो आधी इनवर्डला थांबतो. ड्रॉइंग काढले जाते, गेज लागतो, टेस्ट सर्टिफिकेट मागितले जाते आणि कागद जुळले नाहीत तर माल आल्या गाडीने परत जातो. ही शिस्त अंगवळणी पडलेली माणसेच संध्याकाळी घरी आल्यावर मोबाइलवर इंग्लंडमधला लिलाव उघडतात आणि दोनशे वर्षांच्या बशीवर तीन फोटो पाहून वीस हजारांची बोली टाकतात. पुरवठादाराच्या शब्दावर दिवसभर विसंबायचे नाही हा ज्यांचा धर्म, ते रात्री कॅटलॉगमधल्या दोन ओळींवर डोळे झाकून विसंबतात. इंग्रजी चिनी मातीच्या आपल्या छोट्याशा जगात आज जी नाराजी आणि जे वाद आहेत, त्यांतले बहुतेक इथेच सुरू होतात.

पूर्वी असे नव्हते, कारण माल जवळून यायचा. खडकी आणि देहूरोडच्या छावण्यांमधले बंगले, पुणे कॅम्पातली पारशी घरे, लोणावळा-खंडाळ्याची हवा खाण्याची ठिकाणे. तिथून निघालेले डिनर सेट आणि फुलदाण्या रविवारी-बुधवारी पुण्याच्या जुन्या बाजारात उतरायच्या, नाहीतर मुंबईला चोर बाजारात जायच्या. वस्तू हातात यायची. उजेडाकडे धरता यायची, टिचकी मारून आवाज ऐकता यायचा, कडेवरून बोट फिरवता यायचे. फसवणूक तेव्हाही होती, पण डोळा आणि बोट दोन्ही कामाला लागत. आता स्टॅफर्डशायरच्या एखाद्या गावातला लिलाव निगडी प्राधिकरणातल्या दिवाणखान्यात दिसतो. निवड शंभरपट वाढली आणि टिचकी मात्र हातची गेली. तिची जागा भरून काढणारे काही आपण उभे केलेले नाही.

त्याऐवजी आपण शिक्क्याला धरून बसलो. बशी उलटी करायची, पाठीवरचे नाव वाचायचे आणि किंमत ठरवायची. पण चिनी मातीच्या इतिहासात शिक्क्याइतके काहीही नकलले गेलेले नाही. अठराव्या शतकात वूस्टरच्या कारखान्याने स्वतःच माइसेनच्या तलवारींची खूण आपल्या मालावर रंगवली. एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या सॅमसनने चेल्सीचा नांगर सर्रास वापरला. खऱ्या चेल्सीचा नांगर इवलासा, कुठेतरी कडेला असतो, आणि ठसठशीत सोनेरी नांगर दिसला की आधी शंका घ्यावी. स्टॉक्टनच्या विल्यम स्मिथने वेजवुडच्या नावात एक जादा 'ई' घालून माल विकला आणि १८४८ मध्ये न्यायालयाने त्याला मनाई केली. तो जादा 'ई' असलेल्या बशा आजही लिलावात येतात आणि घाईत वाचणारा आजही फसतो.

शिक्का खरा असला तरी तो काय सांगतो हे नीट समजून घ्यायला हवे. स्पोडची 'इटालियन' ही निळी नक्षी १८१६ च्या सुमाराची. ती आजही तयार होते, आणि अलीकडच्या बशांच्या पाठीवर हेच साल छापलेले असते. साल नक्षीचे आहे, बशीचे नव्हे. १८४२ ते १८८३ या काळातला शंकरपाळ्याच्या आकाराचा नोंदणी-शिक्का घ्या. त्याच्या डोक्यावरचा रोमन चार हा आकडा मातीच्या वस्तूंचा वर्ग दाखवतो आणि कोपऱ्यांतल्या अक्षर-आकड्यांवरून दिवस, महिना, साल काढता येते. पण ती तारीख नमुना नोंदवल्याची. वस्तू त्यानंतर कितीही वर्षांनी भट्टीतून निघालेली असू शकते. १८८४ पासून शंकरपाळा जाऊन नुसता नोंदणी क्रमांक आला. अमेरिकेच्या आयात कायद्यामुळे १८९१ पासून 'इंग्लंड' हा शब्द मालावर सर्वत्र दिसू लागला, आणि 'मेड इन इंग्लंड' साधारणपणे विसाव्या शतकातले. म्हणजे शिक्का वस्तू किती जुनी असू शकते याची मर्यादा घालतो. ती तेवढी जुनी आहेच, असे तो सांगत नाही. जेफ्री गॉडेन यांचा शिक्क्यांचा कोश १९६४ पासून संग्राहकांच्या टेबलावर आहे. तो आपल्यापैकी अनेकांच्या कपाटातही आहे, पण बोलीच्या घाईत तो उघडला जात नाही.

म्हणून भर शिक्क्यापेक्षा वस्तूच्या अंगावर, म्हणजे माती, ग्लेझ आणि छपाईवर द्यायला हवा. एक उदाहरण जवळून पाहू. स्पोडने १८१५ च्या सुमारास 'इंडियन स्पोर्टिंग' ही मालिका काढली. कॅप्टन थॉमस विल्यमसनच्या भारतातल्या शिकारीवरच्या पुस्तकासाठी सॅम्युअल हॉविटने केलेली चित्रे तिच्यावर निळ्या छपाईत उतरवली होती. जेवणाच्या ताटलीवर अस्वलाची शिकार, इतर भांड्यांवर वाघाचा नदीपार पाठलाग, झाडावरचा बिबट्या, कुत्रे घेऊन निघालेले डोरिये, म्हणजे कुत्री सांभाळणारे नोकर. अशी ताटली हाती आली तर काय पाहायचे? काठावरच्या नक्षीचा सांधा शोधायचा. छपाई पातळ कागदावरून उतरवलेली असल्याने पट्टीची दोन टोके जिथे मिळतात, तिथे नक्षी किंचित सरकलेली असते. ताटली उलटी करून बुडाच्या कोपऱ्यात ग्लेझ साचले आहे तिथला रंग पाहायचा. पर्लवेअर असेल तर तिथे निळसर छटा दिसते. भट्टीत ज्या टेकूंवर ताटली ठेवली, त्यांचे बारीक टिपके शोधायचे. वरच्या बाजूला सुरीचे ओरखडे हवेत, आणि ते एकाच दिशेला, एकाच खोलीचे नसावेत. दोनशे वर्षे वापरलेल्या ताटलीची बैठक सगळीकडे सारखी घासलेली नसते. आणि मागून टॉर्च लावला तर उजेड आरपार येणार नाही, कारण हे पोर्सिलेन नव्हे. बोन चायना असेल तर बोटांची सावली दिसेल. त्या मातीत साधारण निम्मी हाडांची राख, उरलेल्यात केओलिन आणि कॉर्निश दगड. माल कुठल्या जातीचा हे ठरवायला शिक्क्याआधी हा टॉर्च पुरतो.

यातली एकही गोष्ट तीन फोटोंत दिसत नाही. मग मागायला हवी. बहुतेक लिलावगृहे विचारले तर कंडिशन रिपोर्ट देतात आणि जादा फोटोही पाठवतात. उजेडावर धरून काढलेला फोटो मागा, काठाचा तिरक्या प्रकाशातला फोटो मागा, अतिनील दिव्याखालचा फोटो मागा. दुरुस्तीचा रेझिन आणि वरून फासलेला रंग त्या दिव्याखाली मूळ ग्लेझपेक्षा वेगळा चमकतो. उत्तर आले नाही तर तेच उत्तर समजा आणि पुढच्या लॉटकडे वळा. कारखान्यात पीपीएपीचे, म्हणजे सुट्या भागाच्या मंजुरीचे, कागद दिले नाहीत म्हणून पुरवठादार बदलणाऱ्याला हे शिकवायची गरज नाही.

आता आपल्या घरातल्या गोष्टीकडे येऊ. बाहेरच्या लिलावगृहांना नावे ठेवणे सोपे आहे, पण पुण्या-मुंबईत आणि या पट्ट्यात जी देवघेव होते तिथे लेखी काही मिळतच नाही. 'पीस क्लीन आहे' एवढ्या तोंडी शब्दावर व्यवहार होतो. जुन्या काळी फुटलेली बशी धातूच्या टाक्यांनी जोडत. टाके मागून स्पष्ट दिसायचे आणि घेणाऱ्याला काय घेतो ते कळायचे. आजचा इपॉक्सी आणि एअरब्रश चीर पूर्णपणे गायब करतात. दुरुस्तीकाराचे कसब वाखाणण्यासारखेच आहे. पण दुरुस्ती करणे आणि ती लपवून विकणे यांत फरक आहे, आणि तो आपण सगळ्यांनी सोयीने विसरायचे ठरवलेले दिसते. दुरुस्तीकार म्हणतो, मी विक्रेत्याला सांगितले होते. विक्रेता म्हणतो, गिऱ्हाइकाने विचारले नाही. गिऱ्हाईक दोन वर्षांनी तीच वस्तू विकायला जाते तेव्हा चीर पिवळी पडून वर आलेली असते. लोणच्याच्या जुन्या बरण्यांचीही हीच गत. सौराष्ट्रात थान, वांकानेर, मोरबीकडे भाजलेली चांगली देशी बरणी 'विलायती' म्हणून खपवली जाते. देशी बरणीला स्वतःचा इतिहास आहे. तिला खोट्या पासपोर्टची गरज नाही.

पैशाचा हिशेबही तपासणीतच येतो. हातोडा शंभर पौंडांवर पडला असे धरू. खरेदीदाराचा प्रीमियम पंचवीस टक्के असेल तर पंचवीस पौंड, त्यावर वीस टक्के व्हॅट म्हणजे पाच. ऑनलाइन मंचाचे पाच टक्के आणि त्यावरचा व्हॅट धरून आणखी सहा. बशी इंग्लंडमधून हललीही नाही आणि शंभराचे एकशे छत्तीस झाले. पुढे पॅकिंग, भाडे, विमा, सीमाशुल्क, आयजीएसटी. अनेक कुरियर कंपन्या चिनी मातीच्या तुटफुटीचा विमा देत नाहीत, हे बारीक अक्षरांत असते आणि नेमके तेच वाचायचे राहते. शंभर वर्षांहून जुनी वस्तू सीमाशुल्काच्या ९७०६ या शीर्षाखाली येते. तसे कागद नसतील तर ती ६९११ ते ६९१३ मधला साधा क्रॉकरीचा किंवा शोभेचा माल ठरू शकते. वयाचा लेखी आधार आधीच मागून ठेवला तर विमानतळावरची अर्धी डोकेदुखी वाचते. पॅकिंगबद्दल मात्र या भागात कोणाला सांगायला नको. ईपीई फोममध्ये गुंडाळून खोक्यात खोके कसे घालायचे हे इथल्या डिस्पॅचवाल्याइतके चांगले कोणाला येते?

कायद्याचेही तसेच. १९७२ चा पुरावस्तू आणि कलाकोष कायदा १९७६ पासून लागू आहे. शंभरी ओलांडलेली कारागिरीची वस्तू त्याच्या व्याख्येत येते. अशा वस्तूंचा धंदा करायला परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीला त्या देशाबाहेर पाठवता येत नाहीत. म्हणजे हौसेने आणलेली जुनी ताटली 'भाव आला की परत लंडनला विकू' या हिशेबाने आणू नये. इमारतीतून काढलेल्या वस्तूही याच व्याख्येत बसतात. भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या फरशीत मिंटनच्या टाइल्स आहेत. तशाच टाइल्स जुन्या बंगल्यांतून उखडून विकायला येतात. त्या घेणाऱ्याने घराचा पत्ता आणि मालकाचे लेखी संमतिपत्र मागितलेच पाहिजे.

तपासणीची सवय लागली की तिचा फायदाही दिसू लागतो. इंग्लंडमधले कॅटलॉग लिहिणारे स्टॅफर्डशायर नीट ओळखतात, मुंबई तेवढी ओळखत नाहीत. १८७० च्या दशकात जॉर्ज टेरी यांच्या देखरेखीखाली मुंबईच्या स्कूल ऑफ आर्टमध्ये तयार झालेली भांडी, अजिंठ्याच्या चित्रांवरून रंगवलेली, तिकडच्या लिलावात कधी 'पर्शियन धर्तीची' तर कधी नुसती 'ओरिएंटल' म्हणून निघतात. बशीच्या पाठीवर मुंबईच्या किंवा कलकत्त्याच्या दुकानदाराचे नाव, कडेला पलटणीचा किंवा रेल्वेचा मोनोग्राम, या गोष्टी तिकडे किरकोळ समजल्या जातात आणि आपल्यासाठी त्यांतच वस्तूची गोष्ट असते. पूर्ण डिनर सेटला आता तिकडेही पूर्वीचा भाव राहिलेला नाही. त्यामुळे चाळीस नगांचा चिरा पडलेला सेट घेण्यापेक्षा आपला संबंध सांगणारा एक निर्दोष नग घ्यावा. डोळा घडवायला हैदराबादचे सालारजंग संग्रहालय एका रात्रीच्या प्रवासावर आहे. इंग्रजी पोर्सिलेन ओळीने मांडलेले तिथे पाहता येते. काचेआड असले तरी ग्लेझ, सोने आणि रंग यांची सवय होते. दहा लॉटवर बोली लावण्याआधी तिथे एक पूर्ण दिवस घालवावा.

आमची मागणी साधी आहे. या भागातल्या प्रत्येक विक्रेत्याने आणि दुरुस्तीकाराने प्रत्येक वस्तूसोबत लेखी स्थितिपत्रक द्यावे. एक पान पुरे. मोजमाप आणि वजन, मातीचा प्रकार, दिसणारा प्रत्येक दोष जागेसह, केलेली प्रत्येक दुरुस्ती आणि ती कशाने केली, काळ ठरवण्याचा आधार, वस्तू कुठून आली, आणि दिवसाच्या उजेडातला, टॉर्चवरचा व अतिनील दिव्याखालचा असे तीन फोटो. खाली सही आणि तारीख. ज्याला हे जाच वाटेल त्याने आपल्या गिऱ्हाइकांत किती जण क्वालिटीच्या खात्यात काम करतात ते आठवावे. हा कागद त्यांनी आज मागितला नाही तरी उद्या ते मागणारच आहेत. असा कागद जोडलेल्या वस्तूला भावही जास्त येईल, कारण दोष माहीत असलेली वस्तू घ्यायला माणूस घाबरत नाही.

सुरुवात आम्ही स्वतःपासून करतो. पुढच्या अंकापासून या मासिकात विक्रीची जाहिरात देणाऱ्याने स्थितिपत्रक जोडलेच पाहिजे. कोऱ्या पत्रकाचा नमुना कार्यालयात मिळेल. पत्रक नसलेली जाहिरात छापली जाणार नाही, मग जाहिरातदार कितीही जुना असो. यामुळे पहिले काही महिने पाने कमी भरतील हे आम्हाला ठाऊक आहे. ती रिकामी जागा आम्ही वाचकांनी पाठवलेल्या स्थितिपत्रकांना देऊ, दोषांच्या फोटोंसकट. घेतलेल्या वस्तूत खोट निघाली असेल तर ती लाजेने कपाटात ठेवू नका. विक्रेत्याचे नाव वगळून पत्रक आणि फोटो पाठवा. आतली चीर मागच्या टॉर्चच्या उजेडात कशी दिसते हे एकदा छापून आले, तर पुढच्या महिन्यात निदान काही जण बोलीचे बटण दाबण्याआधी तो फोटो मागतील.