दाखल्यानंतरचा रकाना

शाळा सोडल्याचा दाखला हा मोठा चौकस कागद. मुलाचे नाव, आईचे नाव, जात-पोटजात, जन्मस्थळ, जन्मतारीख आकड्यात आणि अक्षरात, आधीची शाळा, अभ्यासातली प्रगती, वर्तणूक (ती बहुधा 'चांगली'च असते), शाळा कधी सोडली, का सोडली. कारणाच्या रकान्यात 'दहावी उत्तीर्ण' लिहिले, मुख्याध्यापकांची सही झाली, गोल शिक्का उमटला की जनरल रजिस्टरमधली ती ओळ कायमची मिटते. पुढे तो मुलगा जेजुरीच्या एमआयडीसीत लागला, भरतीसाठी पहाटे डांबरी रस्त्यावर धावू लागला, की ती मुलगी बारावीच्या निकालाआधीच बोहल्यावर उभी राहिली, याची चौकशी करायला त्या रजिस्टरला कोणी सांगितलेले नाही.

बारामती तालुक्यातल्या मोरगावचेच घ्या. बारामती म्हटले की बाहेरच्या माणसाच्या डोळ्यांपुढे ऊस उभा राहतो. पण १८८५च्या नीरा डाव्या कालव्याने या एका तालुक्याचे दोन तालुके केले, एक बागायत आणि एक जिरायत. मोरगाव, सुपे ही गावे जिरायत पट्ट्यातली. मयूरेश्वराच्या दारी भाविकांची गर्दी असते, तिच्यावर हार-नारळाची दुकाने आणि काही घरे चालतात. बाकीच्या पोरांना जेजुरी, बारामती किंवा कुरकुंभ गाठावे लागते. बारावी झाला की पोरगा 'कंपनीत लागतो'. म्हणजे बहुतेक वेळा ठेकेदाराच्या हजेरीपटावर लागतो. सहा-सात महिने शिफ्ट करतो, मग त्याला 'ब्रेक' मिळतो, कारण २४० दिवस भरू दिले तर कायद्याची कलमे जागी होतात. दोन महिने घरी बसायचे, वडिलांबरोबर बाजरी काढायची, पुन्हा दुसऱ्या ठेकेदाराकडे नाव घालायचे.

आता या पोराची मोजणी करा. पाचव्या महिन्यात विचारले तर तो रोजगारात आहे. आठव्या महिन्यात विचारले तर बेकार. आणि बाजरीच्या काढणीत गाठले तर 'घरच्या शेतीत मदतनीस'. तिन्ही उत्तरे खरी आहेत, आणि ती एका ओळीत मांडल्याखेरीज त्या पोराचे काय चालले आहे याचा पत्ता लागत नाही. केंद्राची श्रमबल पाहणी २०१७ पासून चालू आहे. तिचे पथक शहरातल्या घरी चार वेळा जाई, खेड्यातल्या घरी एकदाच. जानेवारी २०२५ पासून खेड्यातल्या घरीही चार फेऱ्या होऊ लागल्या, हे चांगलेच झाले. पण त्या चारही फेऱ्या लागोपाठच्या चार महिन्यांतल्या आहेत. सात महिन्यांवर येणारा ब्रेक चार महिन्यांच्या पाहणीत कसा दिसणार?

२ मार्च २०२४ रोजी बारामतीत नमो महारोजगार मेळावा झाला. मुख्यमंत्री होते, दोन्ही उपमुख्यमंत्री होते, शरद पवारही व्यासपीठावर होते, आणि वर्तमानपत्रांना कोण कोणाशेजारी बसले यात रस होता. मेळाव्याचे यश त्याच दिवशी मोजले जाते: किती आले, किती मुलाखती, किती नेमणुका. त्या नेमणुकांपैकी पुढच्या मार्चमध्ये त्याच जागी किती उरले, हा खरा आकडा. तो मागायची आपल्याकडे रीतच नाही. त्याच वर्षी मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली. बारावीवाल्याला महिना ६,००० रुपये, आयटीआय-पदविकावाल्याला ८,०००, पदवीधराला १०,०००. सहा महिन्यांची मुदत, ती पुढे पाच महिन्यांनी वाढली. मुदत संपल्यावर प्रशिक्षणार्थी 'आम्हाला कायम करा' म्हणत रस्त्यावर आले. प्रशिक्षणानंतर पोरे कुठे जातात हे आधीच्या योजनांवरून माहीत असते, तर हा प्रश्न मोर्च्यातून कळायची वेळ आली नसती.

बाहेर असा वर्षानुवर्षांचा माग कसा काढतात ते पाहा. अमेरिकेने १९७९ मध्ये १४ ते २२ वयाची १२,६८६ मुले-मुली निवडली आणि त्याच माणसांना आजवर विचारत राहिली. त्यातून कळले की पन्नाशी ओलांडेपर्यंत त्यांनी सरासरी बाराएक नोकऱ्या केल्या, आणि त्यातल्या निम्म्याच्या आसपास पंचविशीच्या आत. 'एकदा चिकटला की सुटला' या आपल्या हिशेबात हे बसत नाही. पण अमेरिका कशाला? ऑक्सफर्ड विद्यापीठाचा 'यंग लाइव्ह्ज' हा उपक्रम २००२ पासून आंध्र आणि तेलंगणातल्या ३,००० मुलांच्या मागावर आहे. पंधरा वर्षांनंतरही दहातली नऊहून अधिक मुले त्यांच्या यादीत टिकून होती. शेजारच्या राज्यात हे जमते.

आणि हे काम आपल्याला परके आहे असेही नाही. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी १९१७ मध्ये पिंपळे सौदागरचा घरोघर अभ्यास छापला, आणि पुढे त्याच गावाची फेरपाहणीही झाली. (आज तिथे पाहायला शेत उरलेले नाही, इमारतीच आहेत.) धनंजयराव गाडगीळांच्या गोखले संस्थेने वाई तालुका पाहिला. सातारा जिल्ह्यातल्या सुगावची १९४२ पासूनची चाळीस वर्षे हेमलता दांडेकरांनी एका पुस्तकात मांडली, मुंबईला गेलेले पुरुष आणि गावी राहिलेल्या बायका यांच्यासह. खुद्द बारामतीच्या कालव्याच्या पट्ट्यात डोनाल्ड अ‍ॅटवुड या मानववंशशास्त्रज्ञाने १९२० ते १९७० या पन्नास वर्षांतली जमीनमालकी घराघरानुसार जोडून पाहिली. सुरुवातीचा आणि शेवटचा तक्ता शेजारी ठेवला असता तर गरीब गरीबच आणि श्रीमंत श्रीमंतच राहिले असे कोणीही म्हटले असते. घरे ओळखून माग काढल्यावर दिसले की काही भूमिहीनांनी जमीन घेतली आणि काही मोठ्या घरांची जमीन आटली. अष्टविनायकाची यात्रा मोरगावातून निघते आणि पुन्हा मोरगावात आल्यावरच पुरी झाली असे मानतात. पाहणीलाही तोच नियम लावायला हवा, निघालो त्याच दारात परत यायचे.

पुण्याच्या केईएम संशोधन केंद्रात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ मध्ये सहा खेड्यांतल्या गर्भवतींपासून सुरुवात केली. त्यांची मुले जन्मली, मोजली गेली, सहाव्या वर्षी, बाराव्या वर्षी, अठराव्या वर्षी पुन्हा मोजली गेली. आपले बाळ दिसायला किरकोळ पण अंगात चरबी अधिक, आणि म्हणून पुढे मधुमेहाकडे झुकणारे, हे जगाला त्यातून कळले. पुणे जिल्ह्यातल्या खेडुतांच्या मुलांची साखर आपण तीस वर्षे तपासू शकतो, तर त्यांची नोकरी दहा वर्षे का नाही?

साधने हाताशी आहेत. सरल प्रणालीमुळे प्रत्येक विद्यार्थ्याला क्रमांक आहे, आता 'अपार'चा बारा आकडी क्रमांकही आला. बारामतीत विद्या प्रतिष्ठान आहे, शारदानगरला कृषी विज्ञान केंद्र आहे, महाविद्यालये आहेत. समाजशास्त्राच्या आणि अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना दरवर्षी प्रकल्प करायचाच असतो, आणि तो बहुतेक वेळा मागच्या वर्षीच्या प्रकल्पावरून उतरतो. त्याऐवजी जिरायत पट्ट्यातल्या चार आणि बागायत पट्ट्यातल्या चार शाळांची एक दहावीची तुकडी धरावी. दरवर्षी दिवाळीत, पोरे गावी आलेली असताना, तेच सात प्रश्न विचारावेत: काम काय, कोणाच्या हजेरीपटावर, या वर्षात किती महिने, हातात किती पडले, ब्रेक किती, कर्ज कशासाठी, भरतीचे किती प्रयत्न. हा शेवटचा प्रश्न वगळू नये. २०२४च्या पोलीस भरतीत साडेसतरा हजारांच्या आत जागा आणि साडेसतरा लाखांवर अर्ज होते. हे अर्जदार अकादमीची फी भरत तीन-चार वर्षे घालवतात आणि मग काय करतात, हे आपण फक्त ऐकून आहोत.

यावर एक जण म्हणेल, माजी विद्यार्थ्यांचे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहेत की, पंचवीस वर्षांनी गेट-टुगेदर होते, सगळे कळते. कळते ते आलेल्यांचे. ज्याचे बरे चालले आहे तो फेटा बांधून पहिल्या रांगेत येतो. ज्याचे फसले तो 'ड्युटी आहे' असे कळवतो, किंवा आधीच ग्रुपमधून बाहेर पडलेला असतो. अशा मेळाव्यांवरून शाळेचा निकाल लावणे म्हणजे पास झालेल्यांचेच पेपर तपासणे.

मुलींच्या बाबतीत तर माग काढणाऱ्याची खरी कसोटी आहे. लग्न झाले की गाव बदलते, आडनाव बदलते, कित्येकींचे नावही बदलते. मोबाइल नंबर तर हमखास बदलतो, कारण नवे सिमकार्ड सासरच्यांनी दिलेले असते. शिवणक्लास केलेली, नर्सिंगला गेलेली, संगणकाची परीक्षा दिलेली मुलगी इंदापुरात किंवा दौंडात सून म्हणून गेली की यादीतून गळते, आणि अशा गळलेल्या मुली वगळून काढलेली सरासरी फार गोंडस दिसते. आज शाळेच्या नोंदीत जो एकच नंबर असतो तो बहुधा वडिलांचा. लेकीचा नवा नंबर वडिलांना पाठ नसला तरी आईला असतो, आणि आईचाही फोन लागला नाही तर मामाला विचारता येते. दाखला देण्याच्या दिवशी हे दोन्ही नंबर लिहून घ्यायला लेखनिकाला दोन मिनिटे लागतील, आणि त्यासाठी शासन निर्णयाची वाट पाहावी लागणार नाही.