मुळशीच्या पोरीला आरोग्य धोरण शिकायचंय, तिच्यासाठी खुर्ची कुठाय?

परवा पौडला एसटी स्टँडजवळ चहाला थांबलो होतो. माल्याकडचे ओळखीचे एक दादा भेटले. पोरगी बीएस्सी झालीय. तिला आता एमपीएच करायचंय, म्हणजे सार्वजनिक आरोग्यातली मास्टर्स, आणि पुढं आरोग्य धोरणातच काम करायचंय. दादा म्हणाले, "भाऊ, दोन वर्षं शिकून इंजेक्शनसुद्धा देता येणार नाही म्हणे. मग हिला नोकरी कोण देणार?"

टपरीवरचे सगळे हसले. मीही हसलो. घरी आल्यावर मात्र हसू गेलं, कारण दादांचा प्रश्न शंभर टक्के बरोबर होता.

आधी हे काम काय असतं ते सांगतो. जून-जुलैत भातलावणीला बायामाणसं चिखलात उतरतात. साप चावतो. डॉक्टर समोर आलेल्या पेशंटला वाचवतो. पण लस कुठल्या केंद्रात किती ठेवायची, ती मेमध्येच पोचली का, ताम्हिणीच्या बाजूला रस्ता बंद झाला तर गाडी कुठून काढायची, हे कुणीतरी आधी ठरवावं लागतं. त्या ठरवण्याला धोरण म्हणतात. ते चुकलं की डॉक्टर हजर असूनही माणूस जातो.

आता आपल्या तालुक्याकडं बघा. 2011 च्या जनगणनेत मुळशीची लोकसंख्या सुमारे 1 लाख 71 हजार. 2021 ची जनगणना झालीच नाही. मधल्या काळात हिंजवडी, माण, मारुंजीत किती टॉवर उभे राहिले ते तुम्ही रोज ट्रॅफिकमध्ये बसून मोजताच. दुसऱ्या टोकाला धरणाच्या कडेच्या वाड्या, जिथं माणसं कमी आणि अंतर जास्त. सरकारी निकष काय? सपाट भागात 30 हजार लोकांमागं एक प्राथमिक आरोग्य केंद्र, डोंगरी भागात 20 हजारांमागं. उपकेंद्र 5 हजार आणि 3 हजारांमागं. म्हणजे एकीकडची माणसं मोजलेलीच नाहीत आणि दुसरीकडची मोजण्याइतकी भरत नाहीत! दोन्हींची सरासरी काढली की कागदावर तालुका ठणठणीत.

हे ओळखणारा, आकडे मांडून जिल्हा परिषदेत भांडणारा माणूस तालुक्यात कोण आहे? वैद्यकीय अधिकाऱ्यांकडं बोट दाखवू नका. ओपीडी, मिटिंगा, लसीकरण, रिपोर्ट यातून त्यांनी मान कधी वर काढायची?

काही जण म्हणतील, आधी डॉक्टर द्या, धोरणवाले कशाला? डॉक्टर पाहिजेतच, त्यात वादच नाही. पण आपल्याच महाराष्ट्राचा इतिहास बघा. रजनीकांत आणि मेबल आरोळे हे डॉक्टर दांपत्य अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला सार्वजनिक आरोग्य शिकलं आणि 1970 मध्ये जामखेडला आलं. गावातल्या, बऱ्याचशा निरक्षर बायकांना त्यांनी आरोग्यसेविका केलं. त्याच विद्यापीठात शिकून अभय आणि राणी बंग 1986 मध्ये गडचिरोलीत उतरले. गावातल्या बाईला शिकवून घरातच नवजात बाळाची काळजी घेतली, तर बालमृत्यू किती घटतात हे त्यांनी मोजून दाखवलं. 1999 मध्ये ते लॅन्सेटमध्ये छापून आलं. आज आशाताई तुमच्या घरी बाळ बघायला येते, त्यामागं हे काम आहे. ते डॉक्टर होते हे खरं. पण नुसत्या औषधाच्या चिठ्ठीवर देशाचा कार्यक्रम बदलला नसता. त्यासाठी त्यांना मोजायला आणि मांडायला शिकावं लागलं.

आणि हे शिकायला आता अमेरिका गाठायची गरज नाही. पुण्याच्या विद्यापीठात एमपीएच आहे. टाटांचं नाव मुळशीकराला धरणामुळं पाठ आहे, त्याच नावाच्या मुंबईच्या संस्थेत आरोग्य धोरण आणि अर्थकारण शिकवतात. आपल्या लवळ्यात तर विद्यापीठं आहेत, मेडिकल कॉलेज आहे. अडचण शिकण्याची नाहीच. अडचण पुढं आहे.

2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात लिहिलंय, प्रत्येक राज्यानं सार्वजनिक आरोग्य व्यवस्थापनाचा वेगळा संवर्ग उभा करावा. 2022 मध्ये केंद्रानं त्याची मार्गदर्शिकाही काढली. त्याच 2017 च्या कागदावर 2025 पर्यंत जीडीपीच्या अडीच टक्के सरकारी खर्च आरोग्यावर करू असंही होतं. 2025 गेलं, अडीच टक्के आले नाहीत. आणि असं शिकून सरकारात जाणाऱ्या पोरांच्या वाट्याला बहुतेक काय येतं? राष्ट्रीय आरोग्य अभियानातली कंत्राटी नोकरी. त्याच अभियानातले कर्मचारी 2025 च्या ऑगस्टमध्ये कायम करा म्हणून संपावर बसले होते, विसरलात का? उद्या हुशार पोरं विमा कंपनीत नाहीतर मोठ्या हॉस्पिटलच्या ऑफिसात गेली, तर त्यांना नावं ठेवायचा आपल्याला काय अधिकार?

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे.

एक, प्रत्येक तालुक्यात आरोग्य नियोजनाचं एक कायम पद काढा. परीक्षा घेऊन भरा. डॉक्टर नसलेल्या पण हा विषय शिकलेल्यांना त्यात संधी द्या.

दोन, तालुक्यातल्या विद्यापीठांनी या विषयाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला किमान तीन महिने आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात बसवावं. अहवाल मराठीत लिहावा आणि ग्रामसभेत वाचावा.

तीन, आपण. लोकांनी आरोग्य सेवांवर देखरेख करायची पद्धत महाराष्ट्रात 2007 मध्ये पाच जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात पुणे होता. आपल्या गावच्या आरोग्य समितीची शेवटची बैठक कधी झाली, हे पुढच्या ग्रामसभेत विचाराच.

1921 साली मुळशीकर धरणाविरुद्ध सत्याग्रहाला बसले. निर्णय लांब कुठंतरी झाला होता आणि पाणी आपल्या खाचरात शिरणार होतं. शंभर वर्षांनी आरोग्याचंही तेच चाललंय. या वेळी ठरवणाऱ्यांत आपली एक पोरगी बसायला तयार आहे.

दादा, शिकू द्या तिला. खुर्चीसाठी भांडायचं काम आमचं. आमदार, जिल्हा परिषद, ज्यांना टॅग करायचंय त्यांना करा. कुणी काय उत्तर दिलं, ते इथंच नावानिशी लिहीन.