बंद हॉलला मुभा, कनातीला दहाचा काटा

गुढीपाडवा जवळ आला की गावोगावच्या जत्रा कमिट्या नारायणगावला फडांच्या राहुट्यांवर सुपारी ठरवायला जातात. पैशांची घासाघीस नेहमीचीच. पण आता त्याबरोबर दुसरा सवाल येतो, परवानगी किती वाजेपर्यंतची? उत्तर दोन्ही बाजूंना पाठ आहे. रात्री 10.

तमाशा दहाला बंद करा, असा काही वेगळा कायदा नाही. केंद्र सरकारचे 2000 सालचे ध्वनिप्रदूषण नियम आहेत. रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर लाऊडस्पीकर लावायचा नाही. सुप्रीम कोर्टानेही 2005 साली त्यावर शिक्कामोर्तब केलं. नियम वाईट नाही. डीजेच्या दणदणाटाने म्हाताऱ्या माणसांचे, दहावी-बारावीच्या पोरांचे जे हाल होतात ते गावालाही ठाऊक आहेत. खोच पुढे आहे. याच नियमात बंद सभागृहाला, बँक्वेट हॉलला सवलत आहे. म्हणजे भिंत असेल तर आतला नाच-गाणं चालू राहू शकतं. तमाशाला भिंत कुठली? त्याची कनात कापडाची.

आणि दहा म्हणजे गावात किती? दिवसभर उन्हात राबून, धारा काढून, जेवून माणूस मैदानात येतो तेव्हा नऊ वाजलेले असतात. गण झाला, गवळण झाली, बतावणी रंगायला लागली की जमादार घड्याळ दाखवतो. ज्याच्यासाठी तमाशा बघायचा तो वग राहूनच जातो. पूर्वी वग संपता संपता तांबडं फुटायचं. (शेतीला रात्रपाळीची लाईट देताना मात्र गावाच्या झोपेची कोणाला काळजी नसते.) मोठ्या फडात कलाकार, वादक, बिगारी, ड्रायव्हर धरून शंभराच्या आसपास माणसं असतात. वेळ तुटली की सुपारीही तुटते, आणि ती या सगळ्यांच्या पगारातून तुटते.

शहरातल्या नाचाचं प्रकरण याच्या शेजारी ठेवून पाहा. 2005 साली गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी डान्सबार बंद केले. आबा तासगावचे, खेड्यातली पोरं जमीन विकून बारमध्ये पैसे उधळतात ही तक्रार त्यांना नवी नव्हती. पण त्या कायद्यात थ्री स्टार आणि त्यावरच्या हॉटेलांना सूट ठेवली होती. तिथेच तो अडकला. एकच नाच गरिबाच्या बारमध्ये अश्लील आणि मोठ्या हॉटेलात सभ्य कसा, असा मुद्दा निघाला. हायकोर्टाने 2006 मध्ये बंदी रद्द केली, सुप्रीम कोर्टाने 2013 मध्ये तो निकाल कायम केला. सरकारने 2014 मध्ये हॉटेलांची सूटच काढून टाकली, 2016 मध्ये नवा कायदा आणला. 17 जानेवारी 2019 ला सुप्रीम कोर्टाने त्यातल्याही बऱ्याच अटी उडवल्या. शाळा-मंदिरापासून एक किलोमीटर अंतराची अट गेली, सीसीटीव्हीची सक्ती गेली. नोटा उधळायला बंदी राहिली, वेळ संध्याकाळी 6 ते रात्री 11.30 राहिली.

बारमालकांकडे संघटना होती, मोठे वकील होते, म्हणून चौदा वर्षं लढता आलं. फडमालक कर्ज काढून हंगाम उभा करतो, तो दिल्लीला कधी जाणार?

मधल्या मधे कला केंद्रं आहेत. चौफुला, मोडनिंब, जामखेड ही नावं सगळ्यांना माहीत. परवाना संगीतबारीचा, तक्रारी डीजेच्या आणि दारूच्या. 2025 च्या जुलैत दौंड तालुक्यातल्या एका केंद्रात गोळीबार झाला आणि सगळ्या केंद्रांकडे बोट गेलं. जिथे गैरप्रकार आहे तिथला परवाना जावाच. पण पेटी-तबल्यावर बैठकीची लावणी म्हणणाऱ्या बाईला आणि डीजे लावणाऱ्या मालकाला एकाच मापाने मोजलं तर आधी ती बाई उपाशी मरते. मालक दुसऱ्या नावाने बोर्ड लावतो.

जत्रांपुरता मार्ग नियमातच आहे. सण-उत्सवासाठी वर्षातले 15 दिवस रात्री 12 पर्यंत मुभा देता येते, आणि ते दिवस आधी जाहीर करायचे असतात. प्रत्यक्षात बहुतेक दिवस गणपती, नवरात्र, शिवजयंती, 31 डिसेंबर यांत जातात. 31 डिसेंबरला तर परमिट रूमही पहाटे 5 पर्यंत उघडी ठेवायची परवानगी अलीकडे मिळत आली आहे. जत्रेचं तसं नसतं. एका गावची चैत्र पौर्णिमेला, शेजारच्या गावची अष्टमीला. अख्ख्या जिल्ह्याला एकच तारीख देऊन भागत नाही. दोन दिवस तरी गावनिहाय, त्या त्या जत्रेच्या तिथीला मिळाले पाहिजेत. त्यासाठी ग्रामपंचायतींनी ठराव करून यादी ठरण्याआधीच जिल्हाधिकारी कार्यालयात द्यायला हवेत. चैत्रात, सुपारी दिल्यावर, ठाण्यात जाऊन साहेबांच्या विनवण्या करण्यात अर्थ नाही. तोवर त्या वर्षाचे दिवस वाटून झालेले असतात.