मुंबईचे ताट कोणी वाढले?

मुंबई कोणाची, हा वाद निवडणुका जवळ आल्या की हटकून उकरून काढला जातो. मुंबईचे अन्न कोणाचे, असे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. विचारले असते तर पहिल्या वादातील पुष्कळसा आवेश ओसरला असता.

मराठी अस्मितेचे चिन्ह म्हणून मिरवला जाणारा वडापावच घ्यावा. १९६६ च्या सुमारास दादर स्टेशनबाहेर त्याची पहिली गाडी लागली असे मानले जाते. त्यातील बटाटा आणि मिरची मूळच्या अमेरिका खंडातल्या. पोर्तुगीजांच्या व्यापारातून त्या भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर उतरल्या. 'पाव' हा शब्दही पोर्तुगीजच. या साऱ्याचा मेळ घातला तो येथील कष्टकऱ्याच्या गरजेने. चालता चालता खाता यावे आणि खिशाला परवडावे, एवढीच त्याची अपेक्षा होती. वडापाव मराठी आहेच. परंतु तो मराठी झाला तो परक्या वस्तू आपल्याशा केल्यामुळे.

कोकणातून आणि घाटावरून आलेला गिरणी कामगार कुटुंब गावी ठेवून एका खोलीत अनेकांच्या सोबतीने राही. त्याला दोन वेळा जेवू घातले ते खानावळवाल्या बायकांनी. त्या स्वतःही स्थलांतरितच होत्या. किराणा उधारीवर आणि भांडवल सावकाराकडून, अशा कोंडीत सापडलेल्या या स्त्रियांना प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळात संघटित केले आणि राष्ट्रीयीकृत बँकांची दारे त्यांच्यासाठी उघडली. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. संप लांबला, गिरण्या मोडल्या, आणि त्यांच्याबरोबर असंख्य खानावळींच्या चुलीही विझल्या. त्याच जमिनींवर आज मॉल आणि महागडी उपाहारगृहे उभी आहेत.

इतरांची कथाही निराळी नाही. इराणी हॉटेलवाल्यांनी अनोळखी माणसांना एका टेबलाशी बसून चहा पिण्याची सवय लावली. उडुपी हॉटेलांनी कारकुनाला स्वस्त न्याहारी दिली. त्या हॉटेलांतील पोऱ्या दिवसा कपबशा विसळी आणि रात्री कन्नड रात्रशाळेत जाई. मावळ-खेडच्या डबेवाल्यांनी १८९० पासून घरचे जेवण कचेरीपर्यंत पोहोचवले. फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांनी छावणीतून बाहेर पडून खाद्यपदार्थांचे छोटे धंदे उभे केले.

शहराने या साऱ्यांची चव स्वीकारली; चव देणाऱ्या माणसाला मात्र वेळोवेळी झिडकारले. १९६० च्या दशकाच्या अखेरीस उडुपी हॉटेलांवर दगड पडले. २००८ साली उत्तर भारतीय फेरीवाल्यांवर हल्ले झाले. २०२० च्या टाळेबंदीत तर शहराला जेवू घालणाऱ्यांपैकीच अनेकांवर उपाशीपोटी गावाकडे चालत जाण्याची पाळी आली.

स्थानिक तरुणांची बेकारी खरी आहे, हे कोणी नाकारू नये. परंतु त्यांचा रोजगार भेळेच्या गाडीने हिरावून घेतला काय? तो गेला गिरण्यांबरोबर, कारखान्यांबरोबर आणि कंत्राटी पद्धतीच्या मुकाट स्वीकाराबरोबर. गाडी उलथवून एकही गिरणी पुन्हा सुरू होणार नाही. उलट रस्त्यावरचे स्वस्त अन्न महागले की त्याची पहिली झळ अल्प वेतनावर राबणाऱ्या त्याच मराठी तरुणाला बसेल.

पथविक्रेत्यांसाठी २०१४ साली केंद्रीय कायदा झाला. नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे असावेत, आणि सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रे मिळेपर्यंत कोणालाही हुसकावू नये, असे तो सांगतो. कायदा कागदावर राहिला तर हप्ता आणि हातगाड्यांची जप्ती एवढेच वास्तव उरते.

म्हणून कार्यकर्त्यांनी आपापल्या वॉर्डात पहिले काम करावे ते सर्वेक्षणाची मागणी लावून धरण्याचे. विक्रेत्याची भाषा कोणती, हे विचारण्याचे कारण नाही. मराठी विक्रेती आणि बिहारी विक्रेता एकाच अर्जावर सह्या करतील तेव्हा दोघांचीही गाडी सुरक्षित राहील. ज्याच्या हातचे खाल्ले त्याच्या पोटावर पाय देऊ नये, एवढी माणुसकी या शहराच्या अंगी निश्चितच आहे. तिला संघटित रूप देणे, हे चळवळीचे काम आहे.